रॉकेट परत येतं, पण ते उतरवायचं कुठे?

5 डिसेंबर 2018 रोजी फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हेरलवरून स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन 9 रॉकेट उडालं. अंतराळ स्थानकासाठी सामान घेऊन निघालेलं यान व्यवस्थित मार्गी लागलं. खालचा टप्पा, म्हणजे बूस्टर, किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या पॅडकडे परत यायला निघाला आणि वाटेतच गरगर फिरायला लागला. दिशा सांभाळणाऱ्या जाळीदार पंखांना तेलाचा दाब पुरवणारा पंप अडकला होता. थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांनी श्वास रोखून धरला. बूस्टर पॅडवर आलाच नाही. किनाऱ्यालगत समुद्रात तो इंजिन चालू ठेवून जवळजवळ नेहमीसारखा उभा उतरला आणि मग पाण्यात आडवा झाला.

यात नशिबाचा भाग फार थोडा होता. परतणाऱ्या बूस्टरचा नेम शेवटच्या काही क्षणांपर्यंत पॅडवर नसतोच, तो समुद्रावर असतो. इंजिन पेटलंय, पंख ऐकताहेत, सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री पटली की मगच तो स्वतःला जमिनीच्या बाजूला सरकवतो. खात्री पटली नाही तर सरकायचंच नाही, आहे त्या वाटेने पाण्यात जायचं. त्या दिवशी तसंच झालं. पंपाला जोडीला दुसरा पंप नव्हता, कारण बूस्टर गमावला तर चालेल असं आधीच गृहीत धरलेलं होतं. तो लोकांवर पडलेला मात्र चालणार नव्हता, आणि त्याची तजवीज उड्डाणाच्या आखणीतच होती.

पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटांची चर्चा निघाली की कौतुक होतं ते इंजिनांचं आणि संगणकांचं. ते रास्तच आहे. पण खालच्या जमिनीकडे कोणी फारसं बघत नाही. मला तर वाटतं, उतरण्याची जागा हा रॉकेटचाच एक भाग समजावा, फक्त तो उडत नाही इतकंच. रॉकेटवरून जे काढून टाकाल ते खाली बांधावं लागतं, आणि खाली जे बांधता येत नाही ते रॉकेटला अंगावर वागवावं लागतं. जागेची निवड, पृष्ठभागाची निवड, पायांची रचना हा सगळा या देवघेवीचा हिशेब आहे.

मागे फिरायचं की पुढे जाऊ द्यायचं

रॉकेट सरळ वर जातं असा आपला समज असतो, कारण दिसतं तसं. प्रत्यक्षात पहिल्या काही सेकंदांनंतर ते आडवं होऊ लागतं. कक्षेत राहायचं तर पृथ्वीभोवती ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने फिरावं लागतं, आणि हा वेग उभा नसतो, आडवा असतो. फाल्कन 9 चा बूस्टर साधारण अडीच मिनिटांनी सुटा होतो तेव्हा तो 60 ते 80 किलोमीटर उंचीवर असतो आणि ताशी काही हजार किलोमीटर वेगाने किनाऱ्यापासून दूर चाललेला असतो. आता त्याला काहीच केलं नाही तर तो मोठी कमान काढून शेकडो किलोमीटर पलीकडे समुद्रात पडेल.

इथे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे इंजिनं पुन्हा पेटवायची, दूर जाण्याचा सगळा वेग मारायचा, उलट दिशेने वेग घ्यायचा आणि घरी परतायचं. दुसरी म्हणजे तो जिथे पडणार आहे तिथेच खाली काहीतरी आणून ठेवायचं.

पहिली वाट सोयीची. बूस्टर उतरतो तिथून हँगर काही किलोमीटरवर असतो. पण त्यासाठी इंधन राखून ठेवावं लागतं, आणि ते राखलेलं इंधन वर नेण्यासाठीही इंधन जळतं. स्पेसएक्सचे प्रमुख इलॉन मस्क यांनी दिलेले ढोबळ आकडे असे की, बूस्टर समुद्रातल्या जहाजावर उतरवला तर रॉकेटची वाहून नेण्याची क्षमता सुमारे 15 टक्क्यांनी घटते, आणि उड्डाणतळावर परत आणला तर सुमारे 30 टक्क्यांनी. म्हणून हलकं सामान असेल तर बूस्टर जमिनीवर परततो. दूरच्या कक्षेत जाणारा अवजड उपग्रह असेल तर तेवढं इंधन उरतच नाही, आणि मग किनाऱ्यापासून सहाशे-साडेसहाशे किलोमीटरवर जहाज उभं करावं लागतं.

फाल्कन हेवीच्या पहिल्या उड्डाणात, 6 फेब्रुवारी 2018 रोजी, दोन्ही वाटा एकाच दिवशी दिसल्या. बाजूचे दोन बूस्टर लवकर सुटे झाले आणि केप कॅनाव्हेरलला शेजारशेजारच्या पॅडवर जवळपास एकाच वेळी उतरले. मधला बूस्टर जास्त वेळ जळत राहिल्यामुळे खूप पुढे आणि खूप वेगात गेला होता, त्याच्यासाठी समुद्रात जहाज होतं. तिथे इंजिनं पेटवणारं रसायन कमी पडलं, तीनपैकी एकच इंजिन पेटलं, आणि बूस्टर ताशी सुमारे 480 किलोमीटर वेगाने जहाजापासून शंभरेक मीटरवर पाण्यावर आदळला. उडालेल्या तुकड्यांनी जहाजाच्या दोन प्रोपेलर-यंत्रांचं नुकसान केलं.

उड्डाणतळ देशाच्या आत असतील तर प्रश्न आणखी वेगळा होतो. चीनमधला च्युछ्वान उड्डाणतळ गोबीच्या वाळवंटात आहे, खाली समुद्र नाहीच. त्यामुळे तिथून उडणाऱ्या रॉकेटांच्या बूस्टरसाठी पुढे शेकडो किलोमीटरवर वाळवंटातच पॅड बांधावा लागतो. 3 डिसेंबर 2025 रोजी लँडस्पेस कंपनीच्या चूछ्वे-3 रॉकेटने पहिल्याच उड्डाणात कक्षा गाठली. बूस्टर गान्सू प्रांतातल्या अशाच पॅडच्या अगदी जवळ पोचला, पण शेवटच्या टप्प्यात त्याला आग लागली आणि तो पॅडच्या कडेला कोसळला. बूस्टर गेला, पण आसपास वाळूशिवाय काही नव्हतं. जागेची निवड बरोबर होती म्हणायची.

शेजार

नेम कितीही चांगला असला तरी परवानगी देणारा माणूस हाच प्रश्न विचारतो की चुकलं तर कोणाच्या डोक्यावर पडेल. अमेरिकेत नागरी उड्डाणांवर देखरेख करणारी संस्था, एफएए, याचं गणित मागते. एका उड्डाणात सर्वसामान्य लोकांपैकी कोणाला इजा होण्याची एकूण अपेक्षित शक्यता दहा हजारांत एकापेक्षा जास्त नसावी, असा तो दंडक आहे. मग बूस्टरच्या वाटेतल्या प्रत्येक क्षणाला विचारायचं, आत्ता इंजिन बंद पडलं तर तुकडे कुठे जातील? हे सगळे बिंदू नकाशावर मांडले की एक रेघ तयार होते. ती रेघ वस्तीवरून जाऊ द्यायची नाही, यावर बहुतेक जागा बाद होतात.

म्हणूनच फाल्कनचा पहिला पॅड नव्या जागी बांधला गेला नाही. केप कॅनाव्हेरलला अॅटलस क्षेपणास्त्रांच्या काळातला एक जुना प्रक्षेपण-चौथरा पडून होता. समुद्राला लागून, आधीपासून बंदिस्त, आसपास वस्ती नाही. तो 2015 मध्ये भाड्याने घेऊन तिथे लँडिंग झोन 1 उभा राहिला आणि त्याच वर्षी 21 डिसेंबरच्या रात्री कक्षेत उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचा बूस्टर पहिल्यांदा तिथे उभा उतरला. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरही तसंच, जुन्या प्रक्षेपण-चौथऱ्याच्या जागी नवा पॅड झाला.

जागा मिळाली तरी शेजारी आडवा येऊ शकतो. डिसेंबर 2018 मध्येच व्हँडेनबर्गवरून चौसष्ट छोटे उपग्रह घेऊन एक फाल्कन 9 गेलं. बूस्टरमध्ये परत येण्याइतकं इंधन होतं, किनाऱ्यावरचा पॅड तयार होता. पण जवळच्या चौथऱ्यावर दुसऱ्या कंपनीचं डेल्टा 4 हेवी रॉकेट गुप्तहेर उपग्रह घेऊन उभं होतं. एवढा मौल्यवान शेजारी असताना कोण धोका पत्करणार? बूस्टरला किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर जहाजावर उतरवलं.

शिवाय आवाज. बूस्टर आवाजापेक्षा जास्त वेगाने खाली येतो, त्यामुळे जमिनीवर पाठोपाठ धडाडधूम ऐकू येते आणि खिडक्या हादरतात. व्हँडेनबर्गजवळच्या किनाऱ्यावर सील राहतात, त्यांच्यावर या आवाजाचा काय परिणाम होतो याची नोंद ठेवावी लागते. समुद्रात गेलं म्हणजे सुटका, असंही नाही, कारण समुद्रही कोणाचा तरी असतो. 18 फेब्रुवारी 2025 रोजी बहामा बेटांच्या हद्दीत जहाजावर पहिल्यांदा एक बूस्टर उतरला. दोनेक महिन्यांतच तिथल्या सरकारने पुढची उतरणं थांबवली आणि पर्यावरणावरच्या परिणामांची तपासणी पूर्ण करायला सांगितलं.

काँक्रीटचं काय होतं

आता पृष्ठभाग. साधी मोकळी जमीन का चालत नाही? इंजिनाचा झोत माती उकरतो, खड्डा करतो, आणि उडालेले दगड परत वर येऊन इंजिनावरच आपटतात. वर बूस्टरचं सगळं वजन चार पायांवर येतं. एक पाय मऊ जमिनीत रुतला की चाळीस मीटर उंचीचा पोकळ नळकांडा कलायला वेळ लागत नाही.

म्हणून काँक्रीट. पण काँक्रीट म्हणजे कोरडा दगड नव्हे. सिमेंट घट्ट होताना पाणी त्यात बांधलं जातं, शिवाय बारीक छिद्रांत ओल असते. हजारो अंशांचा झोत एकदम वर पडला की पृष्ठभागाखालच्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते. मग वरचा थर फटाफट सुटून उडतो. झोतासोबत येणारा दाब त्या भेगांत शिरतो आणि पुढचे तुकडे उचकटतो. काँक्रीट वितळत नाही, फुटतं. भट्ट्यांसाठी वापरतात तसलं अॅल्युमिनाचं प्रमाण जास्त असलेलं सिमेंट वापरलं तर ते जास्त वेळ तग धरतं, पण त्यालाही मर्यादा आहे.

ती मर्यादा 20 एप्रिल 2023 रोजी टेक्सासमधल्या बोका चिका इथे साऱ्या जगाने बघितली. स्पेसएक्सच्याच स्टारशिप या अवाढव्य रॉकेटचं पहिलं पूर्ण उड्डाण होतं. तीसेक इंजिनांचा झोत उष्णतारोधक काँक्रीटच्या फरशीवर पडला, फरशी फुटली आणि खाली मोठा खड्डा पडला. काँक्रीटचे ढेकळे शेकडो मीटर दूर उडाले, भुग्याचा ढग वायव्येला साडेदहा किलोमीटरपर्यंत गेला. हे उड्डाण होतं, उतरणं नव्हे, पण धडा पृष्ठभागाचाच होता. त्यानंतर तिथे काँक्रीटच्या जागी जाड पोलादी पट्टे बसवले, त्यांना भोकं पाडली आणि खालून जोराने पाणी सोडलं. जमिनीत पुरलेला उलटा शॉवरच म्हणा. झोताची उष्णता पाणी घेतं, वाफ होऊन निघून जातं, पोलाद शाबूत राहतं.

मग फाल्कनच्या पॅडला असलं काही का लागत नाही? कारण उतरताना हिशेबच वेगळा असतो. उड्डाणाच्या वेळी नऊ इंजिनं पूर्ण जोराने साडेपाचशे टनांचा डोलारा उचलत असतात. उतरताना टाक्या जवळजवळ रिकाम्या, वजन उड्डाणाच्या तुलनेत नगण्य, शेवटी बहुधा एकच इंजिन चालू आणि तेही पॅडजवळ मोजकी सेकंदं. झोत वळवणारे खंदक लागत नाहीत, पाण्याचे फवारे लागत नाहीत. 2025 पर्यंत वापरात असलेला लँडिंग झोन 1 म्हणजे सुमारे 86 मीटर व्यासाची सपाट काँक्रीटची चकती. मध्ये कंपनीचं चिन्ह, आणि उतरणं झाली की त्यावर काळे चट्टे.

पॅडवरच्या रंगालाही काम असतं. बूस्टर जीपीएसवरून आपली जागा ओळखतो, पण जमीन नेमकी किती खाली आहे हे त्याला रडारने मोजावं लागतं. म्हणून लँडिंग झोन 1 च्या काही भागाला रडारच्या लहरी चांगल्या परतवणारा रंग दिला गेला.

उंचीची एवढी काळजी का, हे समजण्यासारखं आहे. फाल्कनचं एक मर्लिन इंजिन अगदी मंद केलं तरी त्याचा जोर रिकाम्या बूस्टरच्या वजनापेक्षा जास्तच भरतो. त्यामुळे हा बूस्टर हवेत तरंगत थांबू शकत नाही. इंजिन उशिरा पेटवायचं, आणि वेग शून्य होण्याचा क्षण आणि पाय टेकण्याचा क्षण एकच यायला हवा. जमीन दोन मीटर खाली असेल तर तो दोन मीटरवर थांबून पुन्हा वर निघेल, दोन मीटर वर असेल तर आदळेल. ब्लू ओरिजिन या दुसऱ्या कंपनीच्या न्यू शेपर्ड रॉकेटचं तसं नाही. त्याचं इंजिन खूप मंद होऊ शकतं, त्यामुळे 23 नोव्हेंबर 2015 रोजी पश्चिम टेक्सासमध्ये तो पहिल्यांदा उतरला तेव्हाही जमिनीजवळ थबकून, जागा साधून सावकाश टेकला. न्यू शेपर्ड कक्षेत जात नाही, अंतराळाची शीव शिवून येतो, म्हणून त्याला ही ऐष परवडते. तरंगण्यात घालवलेलं प्रत्येक सेकंद म्हणजे वाया गेलेलं इंधन.

तरंगणारा पॅड

समुद्रातल्या जहाजाला ड्रोनशिप म्हणतात, कारण उतरताना त्यावर एकही माणूस नसतो. मुळात ती सपाट मालवाहू तराफ्यासारखी बार्ज. बाजूंनी वाढवून केलेला डेक साधारण 91 मीटर लांब आणि 52 मीटर रुंद. बूस्टरच्या पसरलेल्या पायांचा घेर सुमारे 18 मीटर. ऐकायला जागा भरपूर वाटते, पण डेक वर-खाली होत असतो, कलत असतो, आणि वारा बूस्टरला ढकलत असतो.

लोकांना वाटतं की बूस्टर जहाज शोधत येतो किंवा जहाज बूस्टरखाली पळत येतं. तसं नाही. दोघांनाही नकाशावरचा एकच बिंदू दिलेला असतो. जहाज चार कोपऱ्यांतल्या फिरत्या प्रोपेलरांनी त्या बिंदूवर ठाण मांडून बसतं, लाटांत आणि प्रवाहात काही मीटरसुद्धा न हलता. बूस्टर त्याच बिंदूवर उतरतो. जहाज तिथे नसेल तर तो पाण्यावर त्याच शिस्तीने उतरतो. फेब्रुवारी 2015 मध्ये डिस्कव्हर उपग्रहाच्या वेळी असंच झालं. वादळात तीन-तीन मजली लाटा डेकवर फुटत होत्या, जहाजाच्या चारपैकी एक यंत्र बंद पडलं होतं, म्हणून जहाज मागे घेतलं. बूस्टर रिकाम्या पाण्यावर ठरल्या जागेपासून दहा मीटरच्या आत उभा उतरला. कोणी झेलायला नव्हतं.

डेक पोलादाचा. पोलाद काँक्रीटसारखं फुटत नाही, पण ते निसरडं असतं. आणि इथे जमिनीवर नसलेली एक भानगड सुरू होते: उतरलेला बूस्टर किनाऱ्यापर्यंत आणायचा कसा? दोन-तीन दिवसांचा प्रवास, खाली लाटा, वर वारा. टाक्या रिकाम्या आणि इंजिनं बुडाशी, त्यामुळे बूस्टरचा गुरुत्वमध्य बराच खाली असतो आणि तो दिसतो त्यापेक्षा स्थिर असतो. हाच निसर्गनियम त्याला तारतो. तरीही सुरुवातीच्या काळात माणसं जहाजावर चढून पायांवर पोलादी बूट ठेवून ते डेकला वेल्ड करत. ज्या रॉकेटमध्ये अजून थोडं इंधन आणि दाबाखालचे वायू असतील, त्याच्या पायाशी बसून हलत्या डेकवर वेल्डिंग करायचं! नंतर हे काम यंत्राकडे गेलं. ऑक्टाग्रॅबर नावाचं एक बुटकं, जड, पट्ट्यांवर चालणारं यंत्र बूस्टरखाली सरकतं, चार हातांनी त्याला बुडापाशी पकडतं आणि आपल्या वजनाने धरून ठेवतं.

एप्रिल 2019 मध्ये फाल्कन हेवीचा मधला बूस्टर किनाऱ्यापासून जवळपास हजार किलोमीटरवर जहाजावर सुखरूप उतरला. पण त्याच्या बुडाची रचना वेगळी, ऑक्टाग्रॅबरचे हात त्यात बसत नव्हते. परतीच्या वाटेत समुद्र खवळला आणि बूस्टर आडवा झाला. डिसेंबर 2023 मध्ये 19 वेळा उडालेला बूस्टर असाच परतताना वारा आणि लाटांमध्ये कोसळला. 2020 साली दोन अंतराळवीरांना घेऊन गेलेला हाच तो बूस्टर. नव्या बूस्टरांचे पाय असमान भार आला की स्वतःला समतल करतात, या जुन्याला ती सोय नव्हती. उतरणं म्हणजे शेवट, असं आपण धरून चालतो. जहाजाच्या बाबतीत अर्धं काम तिथून पुढे असतं.

पाय हा तर स्वतंत्र विषय होईल. 1996 साली अमेरिकेतल्या व्हाइट सँड्सच्या वाळवंटात डीसी-एक्सए नावाचं उभं उतरणारं प्रयोगी रॉकेट उत्तम उतरलं, पण चारपैकी एक पाय बाहेरच आला नाही, कारण त्याची नळी जोडायची राहिली होती. ते कललं, पडलं, जळून गेलं आणि तो कार्यक्रमही तिथेच संपला. जानेवारी 2016 मध्ये फाल्कनचा एक बूस्टर जहाजाच्या मध्यापासून सव्वा-दीड मीटरच्या आत उतरला, म्हणजे नेम अचूक. एका पायाची कडी मात्र नीट अडकली नव्हती, उड्डाणाच्या वेळच्या धुक्याचं बर्फ तिच्यात साचलं असावं असा अंदाज होता. बूस्टर पडला आणि फुटला.

पायच नकोत

यावरचा सगळ्यात धाडसी उपाय स्टारशिपच्या बूस्टरने केला: पायच काढून टाकायचे. सुपर हेवी बूस्टर सुमारे 70 मीटर उंच आणि 9 मीटर रुंद. एवढ्या धुडाला पाय लावायचे तर ते अजस्र आणि जड होतील, आणि प्रत्येक उड्डाणात ते वजन वर न्यावं लागेल. त्याऐवजी उड्डाण-मनोऱ्यालाच दोन लांब हात लावले. बूस्टरच्या वरच्या भागात दोन छोटे खुंट असतात. बूस्टर मनोऱ्याशेजारी येऊन थबकतो, हात दोन्ही बाजूंनी मिटतात, आणि ते खुंट हातांवर टेकतात. 13 ऑक्टोबर 2024 रोजी बोका चिकात पहिल्याच प्रयत्नात हे जमलं.

झोत जमिनीला लागू न देण्याचाही हा उपाय आहे, आणि झेललेला बूस्टर तिथेच पुन्हा उड्डाण-चौथऱ्यावर ठेवता येतो. पण पृष्ठभाग आता सपाट चकती राहिली नाही. तो मोटारी, संवेदक आणि संगणक असलेलं यंत्र झाला, आणि यंत्र नादुरुस्त असू शकतं. नोव्हेंबर 2024 मध्ये पुढच्याच उड्डाणात बूस्टर ठणठणीत होता, परतही निघाला होता. मात्र उड्डाणाच्या धक्क्याने मनोऱ्यावरच्या संपर्कयंत्रणेत बिघाड झाला होता. आपोआप होणाऱ्या तपासणीत ते सापडलं आणि बूस्टरला मेक्सिकोच्या आखातात उतरवलं गेलं. इथेही नियम तोच, की हजारो अटी पूर्ण झाल्या आणि उड्डाण-संचालकाने स्वतः आज्ञा दिली तरच मनोऱ्याकडे, नाहीतर पाण्यात. चुकला तर फक्त बूस्टर जाणार नाही, उड्डाणतळही जाईल. खरं सांगायचं तर, सगळी अंडी एका मनोऱ्यावर टांगण्याचा हा हिशेब किती टिकतो ते रोज उड्डाणं सुरू झाल्यावरच कळेल.

चाकांवर उतरणारी

पंख असलेल्या यानांना धावपट्टी लागते, आणि तिथेही पृष्ठभागाने भल्याभल्यांना रडवलंय. स्पेस शटल ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने, इंजिनाशिवाय, एकाच प्रयत्नात उतरायचं. केनेडी अंतराळ केंद्रातली धावपट्टी साडेचार किलोमीटर लांब. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून तिला आडव्या खाचा पाडल्या होत्या, पृष्ठभाग खरखरीत ठेवला होता. तो टायरांना किसणीसारखा लागायचा. 1985 च्या एप्रिलमध्ये तिथे उतरताना डिस्कव्हरी या शटलचा एक टायर फुटला आणि पुढची काही वर्षं शटल कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर, कोरड्या सरोवराच्या तळाच्या विस्तीर्ण प्रदेशात उतरवलं गेलं. केनेडीची धावपट्टी 1994 साली घासून बरीच गुळगुळीत केली. 

सरोवराचा तळ मात्र पावसात चिखल होतो. मार्च 1982 मध्ये एडवर्ड्स ओलं असल्यामुळे कोलंबिया यान न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला उतरवलं. ती जमीन जिप्समची, पांढरी, टणक, सपाट, उतरण्यापुरती उत्तम. पण वाऱ्याने जिप्समची पूड यानाच्या सांध्यासांध्यांत शिरली आणि पुढे कित्येक वर्षं ती कोलंबियाच्या कोपऱ्यांत सापडत राहिली. शटल पुन्हा कधी तिथे उतरलं नाही.

इस्रोने आपल्या पुष्पक यानाची उतरण्याची चाचणी तीनदा, 2023 आणि 2024 मध्ये, कर्नाटकातल्या चळ्ळकेरे इथल्या धावपट्टीवर घेतली. हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवर सोडलेलं यान स्वतःहून धावपट्टी शोधून उतरलं. तिसऱ्या खेपेला ते मुद्दाम पाचशे मीटर बाजूला सोडलं होतं. टेकतानाचा वेग ताशी 320 किलोमीटरपेक्षा जास्त, म्हणजे प्रवासी विमानाहून बराच अधिक, त्यामुळे आधी पॅराशूट आणि मग ब्रेक.

जिथे काहीच बांधता येत नाही

चंद्रावर ही सगळी देवघेव उलटी होते. तिथे पॅड नाही, हवा नाही, आणि वर बारीक, धारदार धुळीचा थर. पृथ्वीवर उडालेली वाळू हवेच्या विरोधाने थांबते. चंद्रावर थांबवायला काही नाही. झोताने उडालेले बारीक कण सेकंदाला एक-दोन किलोमीटर वेगाने सरळ रेषेत सुटू शकतात आणि फार दूर जाऊन आपटतात. नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो 12 चं यान आधीच्या सर्व्हेअर 3 या मानवरहित यानापासून सुमारे 160 मीटरवर उतरलं. अंतराळवीरांनी सर्व्हेअरचे काही भाग कापून पृथ्वीवर आणले. त्यांच्यावर वाळूचा मारा केल्यासारखे बारीक खड्डे होते. तो मारा अपोलोच्याच झोताने केला होता.

एकाच जागी वारंवार उतरायचं, शेजारी वस्ती, दुर्बिणी, सौरपट्टे ठेवायचे तर तिथे पॅड लागेलच. चंद्राची माती उष्णतेने भाजून तिची फरशी करायची, दगडांच्या लाद्या जोडायच्या, भोवती मातीचा बांध घालायचा, असे प्रस्ताव अभ्यासले जाताहेत. पण पहिल्या यानाआधी ते कोण बांधणार? म्हणून स्टारशिपच्या चंद्रावर उतरणाऱ्या रूपाच्या आराखड्यात शेवटच्या क्षणांसाठी वेगळी छोटी इंजिनं यानाच्या वरच्या भागात, जमिनीपासून खूप उंच बसवायची कल्पना मांडली गेली. त्यामुळे झोत धुळीपर्यंत पोचेपर्यंत पसरून सौम्य होतो. त्या जादा इंजिनांचं, त्यांच्या टाक्यांचं आणि नळ्यांचं वजन यानाला पृथ्वीपासून चंद्रापर्यंत वाहून न्यावं लागेल.